बजेट एव्ही रिसिव्हर आणि नागपुरातलं घर : वापरणाऱ्यांनी अनुभव लिहा

त्रिमूर्तीनगरकर (धागाकर्ता)

साउंडबार (टीव्हीखाली ठेवायची स्पीकरची एकच पट्टी) घ्यावा की एव्ही रिसिव्हर (टीव्ही-सेटटॉपचा आवाज घेऊन वेगवेगळे स्पीकर वाजवणारा डबा), हा प्रश्न ओळखीतले लोक मला इतक्यांदा विचारतात की एकदाच नीट लिहून ठेवतो. ज्यांच्याकडे स्वस्तातला रिसिव्हर आहे त्यांनीही भर घालावी, म्हणजे नागपुरात घेणाऱ्याला एका जागी सगळं सापडेल.

माझ्याकडे यामाहाचा आरएक्स-व्ही३८५ आहे. २०१८ साली आलेलं मॉडेल. ५.१ चॅनेल (पाच स्पीकर आणि खर्जाचा एक सबवूफर), मागे चार एचडीएमआय इनपुट आणि एक आउटपुट, ४के आणि डॉल्बी व्हिजन टीव्हीपर्यंत जसंच्या तसं पोचवतो, सोबत मोजणीचा माइक येतो. अ‍ॅटमॉस (डोक्यावरूनही येणारा आवाज) नाही, ईएआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलनेच रिसिव्हरकडे परत आणायची जी एआरसी सोय, तिची पुढची आवृत्ती) नाही, वायफाय नाही. या किमतीतले बाकी कंपन्यांचे रिसिव्हरही थोड्याफार फरकाने याच घडणीचे असतात. बरेच उन्हाळे काढलेत त्याने माझ्याकडे, आणि माझं मत पक्कं आहे: आपल्याकडच्या बारा बाय पंधराच्या हॉलला एवढा रिसिव्हर भरपूर झाला. वरचे पैसे स्पीकरमध्ये घाला आणि थोडे विजेच्या बंदोबस्तात.

आधी वॉटचा हिशेब, कारण दुकानात पहिलं बोलणं तिथेच सुरू होतं. सीताबर्डीच्या मेन रोडवर कुठेही विचारा, खोक्यावरचा सगळ्यात मोठा आकडा पुढे केला जातो. याच एका मॉडेलचे कंपनीच्या कागदावर तीन आकडे आहेत: १३५, १०० आणि ७० वॉट. तिन्ही ६ ओम रोधाच्या स्पीकरवर. १३५ केव्हा, तर एकच चॅनेल चालू, १ किलोहर्ट्झचा एकच सूर, आणि १० टक्के डिस्टॉर्शन (आवाज फाटणं) चालवून घेतलं तर. १०० हा एका चॅनेलचा, ०.९ टक्के डिस्टॉर्शनला. ७० हा दोन चॅनेल एकदम चालू असताना, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ अख्ख्या पट्ट्यात, ०.०९ टक्क्याला. घरात ऐकायच्या कामाचा आकडा हा शेवटचा. दोन कंपन्यांची तुलना करताना याच अटींचे आकडे शेजारी ठेवा; एकीचा १३५ आणि दुसरीचा ७० समोरासमोर ठेवून काहीच कळत नाही.

आता ७० वॉट पुरतात का? माझे पुढचे स्पीकर ८८ डेसिबलचे आहेत, म्हणजे एक वॉट दिला की एक मीटरवर ८८ डेसिबल. सोफा तीन मीटरवर. अंतरापायी साडेनऊ डेसिबल जातात, तरी एका वॉटला ७८ च्या वर कानाशी पोचतात. भिंतींवरून परत येणारा आवाज धरला तर आणखी. संवाद ७५ डेसिबलला ऐकणं म्हणजे चांगलाच खणखणीत आवाज, आणि त्याला अर्धा वॉट पुरतो. ढगांचा गडगडाट किंवा ढोलताशा क्षणभर २० डेसिबल वर चढला तरी ४५ वॉटच्या आसपास लागतील. त्यातही ८० हर्ट्झच्या खालचं सबवूफरकडे वळवलं की रिसिव्हरचा भार उतरतो, कारण सबमध्ये स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असतो. ७० ऐवजी १०० वॉटचा घेतलात तर वाढ होते दीड डेसिबलची. कानाला ती जेमतेम कळते. उलट ८८ ऐवजी ९१ डेसिबलचे स्पीकर घेतलेत तर दुप्पट ताकदीचा रिसिव्हर घेतल्याएवढा फरक पडतो.

दुसरी गोष्ट टीव्हीची जोडणी. मी ज्यांच्या घरी जाऊन बघतो त्यातल्या बऱ्याच जणांचं ५.१ प्रत्यक्षात २.० (नुसते पुढचे दोन स्पीकर) वाजत असतं. पाच स्पीकर लावलेले, मागच्या दोघांतून काहीच नाही. कारण टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये 'पीसीएम' निवडलेलं असतं, म्हणजे टीव्ही आवाज आधीच उलगडून दोनच चॅनेल पुढे पाठवतो. ते 'ऑटो', 'पासथ्रू' किंवा 'बिटस्ट्रीम' करा, टीव्हीनुसार नाव बदलतं. एचडीएमआयची वायर टीव्हीच्या ज्या भोकावर एआरसी लिहिलंय त्यातच लावा, दुसऱ्या भोकातून आवाज परत येत नाही. दोन्हीकडे एचडीएमआय कंट्रोल चालू करा. मग एखाद्या ओटीटी अ‍ॅपवर ५.१ ची खूण असलेलं काही लावा आणि रिसिव्हरच्या डिस्प्लेकडे बघा. तिथे डॉल्बी डिजिटल किंवा डॉल्बी डिजिटल प्लस उमटलं तर काम झालं. पीसीएम उमटत असेल तर अजून स्टिरिओच येतोय.

ईएआरसी नाही म्हणून घाबरू नका. साधा एआरसी २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून आहे आणि ओटीटीवाले जो ५.१ आवाज पाठवतात तो त्यातून व्यवस्थित जातो. ब्लू-रे डिस्कवरचा ट्रूएचडी (काही न गाळलेला डॉल्बी आवाज) टीव्हीमार्गे पाठवायचा असेल तरच ईएआरसी लागतो. प्लेअर सरळ रिसिव्हरला जोडला की तोही प्रश्न मिटला.

उन्हाळ्याचं आणि लाइनचं लिहायचं आहे, पण त्यात माझ्यापेक्षा जाणकार इथे आहेत. ते आधी बोलू द्या.

वऱ्हाडीठेचा

भाऊ, एकदम कामाचा धागा काढला. वाचनखूण साठवली.

माझा रिसिव्हर वेगळ्या कंपनीचा आहे, त्याचंच सांगून राहिलो. हिवाळ्यात काहीच तरास नाही. मे महिना लागला का पिक्चर अर्ध्यात आला नाही आला तर टपकन बंद. अर्धा-पाऊण तास थांबलं का मंग चालू होते. सुतारानं शोकेस बनवून देल्ली हाये काचेच्या दारावाली, त्यातच ठेवला हाये. धूळ नको बसाले म्हणून दार लावून ठेवतो. मानेवाड्याकडं राहतो, धुळीचं तर इचारूच नका. दुकानदार म्हणते रिसिव्हरच बदला. बदलू काय?

त्रिमूर्तीनगरकर

अजिबात बदलू नका जी. तुमचा रिसिव्हर स्वतःला वाचवतो आहे.

या अ‍ॅम्प्लिफायरचं असं असतं की घेतलेल्या विजेतला मोठा भाग, निम्म्याच्या आसपास आणि हळू आवाजात तर त्याहूनही जास्त, उष्णता होऊन वरच्या जाळीतून निघतो. ती बाहेर जायला वाट लागते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश, दुपारी कूलर चालू असला तरी खोलीत ३३-३४ सहज असतात. बऱ्याच रिसिव्हरच्या पुस्तिकेत वापरायच्या जागेचं तापमान ३५ अंशांपर्यंतच असावं असं लिहिलेलं असतं. बंद काचेआड ते कुठच्या कुठे जाईल.

काचेचं दार पिक्चर लागायच्या आधी उघडा, नाहीतर बिजागरीतून काढूनच ठेवा. शोकेसची मागची प्लाय कापून घ्या, निदान रिसिव्हरच्या रुंदीएवढी. वर वीतभर जागा मोकळी सोडा आणि सेटटॉप बॉक्स त्याच्या डोक्यावर मुळीच ठेवू नका. तो स्वतःही गरम होतो आणि जाळीही झाकतो. एवढ्यानेही बंद पडला तर कॉम्प्युटरचे पंखे मिळतात, यूएसबीवर ५ व्होल्टला चालणारे घ्या आणि हवा वर ओढतील अशा बेताने जाळीवर ठेवा. टीव्हीच्या यूएसबीला लावले की टीव्हीबरोबर सुरू, टीव्हीबरोबर बंद. बहुतेक टीव्हींत तसं होतं. आवाज येत नाही म्हणावा इतका कमी.

फक्त एक तपासणी आधी करा. गरम होऊन बंद पडणारा रिसिव्हर थंड झाला की चालतो, तुमचा तसाच आहे. पण काही वेळा सुरू करताक्षणी किंवा मोठा आवाज आला की बंद पडतो, तेव्हा तारेकडे बघायचं. मागच्या टर्मिनलला लावताना तारेचा एखादा केस बाहेर राहून शेजारच्या टर्मिनलला चिकटलेला असतो. तारेचं टोक सेंटिमीटरभरच सोलायचं, सगळे धागे एका दिशेने घट्ट पिळायचे आणि मग क्लिपमध्ये सरकवायचं. सरकवल्यावर बोटाने हलकेच ओढून बघा, आणि मोबाइलचा टॉर्च मारून एखादा धागा सुटलाय का तेही.

इतवारी४४४०

त्रिमूर्तीनगरकरांनी बरोबर सांगितलं. माझं हे दुरुस्तीचंच काम आहे, म्हणून थोडं विस्ताराने लिहितो.

उष्णतेने रिसिव्हर एका दिवसात जळत नाही, तो हळूहळू म्हातारा होतो. आतले इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर हे त्याचं कारण. दर १० अंश तापमान वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा आमच्या धंद्यातला जुना आणि खरा ठोकताळा आहे. म्हणजे बंद शोकेसमध्ये २० अंश जास्त सोसणारा रिसिव्हर मोकळ्यावरच्याच्या पाव आयुष्यात उतरतो. आधी हलका हम (बारीक गुणगुण) येतो, मग सुरू व्हायला वेळ लागतो.

पण माझ्याकडे येणारे बहुतेक रिसिव्हर उन्हाने नाही, लाइनने मेलेले असतात. त्यात दोन प्रकार वेगळे ओळखा.

पहिला, न्यूट्रल. आपल्या वस्त्यांना तीन फेजमधून लाइन येते, एका घराला एक फेज आणि न्यूट्रल. उन्हाळ्यात सगळ्यांचे कूलर-एसी एकदम चालतात, लोड वाढतो आणि न्यूट्रलचा ढिला सांधा तापून सुटतो. त्या क्षणी काही घरांत २३० च्या जागी ३००, ३५०, वाईट वेळ असेल तर ४०० व्होल्टपर्यंत जातं. बल्ब एकदम प्रखर होतात, पंखे घोंघावतात. साधा स्पाइक गार्ड यात उपयोगाचा नाही. त्यातला एमओव्ही नावाचा छोटा भाग क्षणभराचा झटका गिळायला असतो, मिनिटभर चाललेलं जास्तीचं व्होल्टेज तो सोसत नाही, फुटतो. यासाठी ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर लागतो, जो मर्यादेबाहेर गेलं की लाइन तोडतो आणि परत आल्यावर काही वेळ थांबून मगच जोडतो. बोर्डात एमसीबीशेजारी बसतो. तुमच्या ओळखीचा वायरमन असेल त्याच्याकडून मेनलाच बसवून घ्या. रिसिव्हरच काय, फ्रीज आणि टीव्हीही वाचतो.

दुसरा, मृगाच्या आधीच्या वादळी विजा. लोक रिसिव्हरचा प्लग काढतात आणि निश्चिंत होतात. पण डिशची किंवा केबलची कोअ‍ॅक्स वायर सेटटॉपमध्ये तशीच असते, सेटटॉप एचडीएमआयने रिसिव्हरला, रिसिव्हर टीव्हीला. गच्चीवरच्या तारेत आलेला झटका याच वाटेने येतो आणि एचडीएमआय बोर्ड घेऊन जातो. अ‍ॅम्प्लिफायर ठणठणीत, पण चित्र नाही, एआरसी नाही. हा बोर्ड बदलायचा खर्च बजेट रिसिव्हरच्या किमतीकडे बघता जड वाटतो, आणि जुन्या मॉडेलचा मिळतोच असं नाही. म्हणून आभाळ कडकडायला लागलं की कोअ‍ॅक्सची चुडीही फिरवून काढायची. लॅन केबल असेल तर तीही.

अर्थिंग मात्र सगळ्यांनी तपासून घ्या. स्पीकरमधून सतत बारीक 'हूं' येत असेल तर कोअ‍ॅक्स काढून बघा. काढल्यावर गेला तर रिसिव्हर चांगला आहे, ग्राउंड लूप आहे, म्हणजे अर्थिंग दोन वाटांनी जोडलं गेलंय. सब, टीव्ही, रिसिव्हर एकाच बोर्डावर आणा.

वॉटवरून एक आठवलं. माझ्या नावातला ४४४० म्हणजे एलए४४४० ही आयसी. आमच्या पिढीने हिच्यावर अक्षरशः हजारो अ‍ॅम्प्लिफायर जुळवले. तिची खरी ताकद दोन चॅनेलला सहा-सहा वॉट आणि दोन्ही चॅनेल एकत्र जोडून ब्रिज केली तर एकोणीस. त्या डब्ब्यावर स्टिकर लागायचं १००० वॉट पीएमपीओ, म्हणजे नुसता फुगवलेला आकडा. तरी त्या सहा वॉटने लग्नाचा मांडव दणाणायचा, कारण भोंगे आणि स्पीकर मोठे असायचे. धागाकर्त्याने स्पीकरबद्दल जे लिहिलंय ते त्या काळापासून खरं आहे.

गोकुळपेठची

खूप छान माहिती. माझा प्रश्न वेगळा आहे.

आमच्याकडे पाचही स्पीकर आहेत, सिनेमा लावला की मुलं खूश. पण सासऱ्यांना मराठी नाटकांची रेकॉर्डिंग्ज आणि मालिका बघायच्या असतात, आणि त्यांना शब्द कळत नाहीत. आवाज वाढवला तर पार्श्वसंगीत अंगावर येतं आणि बोलणं तसंच राहतं. उन्हाळ्यात कूलर चालू झाला की विचारूच नका, मग ते चिडून टीव्ही बंद करतात. रिसिव्हर घेतला तेव्हा त्यांच्यासाठी म्हणूनच घेतला होता, त्यामुळे मला याचं फार वाईट वाटतं. यावर काही करता येईल का? की त्यांच्यासाठी हेडफोन बघू?

त्रिमूर्तीनगरकर

ताई, हेडफोन शेवटी बघा. रिसिव्हरचा साउंडबारवर सगळ्यात मोठा फायदा इथेच आहे, मधला स्पीकर वेगळा हाताळता येतो.

तुमचा सेंटर स्पीकर कुठे आहे? टीव्हीखालच्या कप्प्यात आत ढकललेला असेल तर आधी तो कडेपर्यंत पुढे ओढा, पुढची बाजू फळीच्या कडेशी आली पाहिजे. आत ठेवला की वरच्या-खालच्या फळ्यांवर आवाज आपटून शब्द घुमट होतात. मग पुढच्या कडेखाली रबराचे दोन बूच किंवा घडी केलेला पुठ्ठा ठेवून त्याचं तोंड बाबांच्या कानाकडे वर करा. जमिनीकडे बोलणारा स्पीकर आणि कानाकडे बोलणारा स्पीकर यात व्यंजनांचा फरक पडतो. स, श, ट, थ हे उंच पट्टीत असतात, आणि उंच पट्टी स्पीकरच्या सरळ रेषेतच नीट येते. वयानुसार ऐकू कमी येतं तेही आधी याच पट्टीत.

मग रिसिव्हरमध्ये लेव्हलच्या मेनूत जाऊन फक्त सेंटर ३ डेसिबल वाढवा. पुरलं नाही तर ४. बाकी काही हलवू नका.

तिसरी गोष्ट मालिका आणि नाटकांची. सेटटॉप बॉक्समधून बहुतेक चॅनेलचा आवाज स्टिरिओ येतो. रिसिव्हर 'स्ट्रेट' किंवा 'डायरेक्ट'वर असेल तर तो फक्त डाव्या-उजव्या स्पीकरमधून वाजतो आणि सेंटर गप्प बसतो. म्हणजे सेंटर वाढवून उपयोग शून्य. स्टिरिओचा सराउंड करणारा डीकोडर निवडा. दोन्ही बाजूंना सारखं जे असतं ते तो मधल्या स्पीकरकडे वळवतो, आणि बोलणं जवळजवळ नेहमी दोन्हीकडे सारखंच असतं. सेंटरला कान लावून बघा, तिथून आवाज येतोय की नाही ते लगेच कळेल.

आणि संगीत अंगावर येतं त्यावर उपाय म्हणजे डायनॅमिक रेंज कमी करणं. मेनूत 'डीआरसी', 'नाइट' असं काहीतरी असेल. डॉल्बीच्या आवाजात मोठा आवाज दाबायची आणि हळू आवाज उचलायची सोय मुळातच असते, ती फक्त चालू करायची.

कूलरचं म्हणाल तर तो खिडकीत असेल तर बाबांची खुर्ची त्याच्यापासून दोन पावलं तरी लांब सरकवता येते का बघा. ताट्या चोंदल्या की पंखा जास्त घोंघावतो, सुरुवातीलाच नवीन टाका. आणि कूलरचा झोत थेट रिसिव्हरवर येणार नाही अशी जागा ठेवा, ओलसर हवा आणि बारीक तुषार मागच्या टर्मिनलवर बसून ती काळी पडतात.

मिहानवाला

बेसा रोडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. भिंतीला खिळा मारायची परवानगी नाही, खालच्या मजल्यावर वयस्कर जोडपं. मित्र म्हणतात तुझ्यासाठी साउंडबारच बरा, रिसिव्हर बंगल्यावाल्यांचं काम आहे. मला मात्र टप्प्याटप्प्याने घ्यायचं आहे. आधी रिसिव्हर आणि दोन स्पीकर, मग सेंटर, मग मागचे. असं चालतं का? आणि सब नसला तर?

त्रिमूर्तीनगरकर

चालतं, आणि माझ्या मते हीच खरी पद्धत. साउंडबार एकदाच पूर्ण येतो आणि बिघडला की पूर्ण जातो. रिसिव्हरच्या मेनूत सांगायचं की सेंटर नाही, मागचे नाहीत. तो त्यांचा आवाज पुढच्या दोघांत मिसळून देतो, काही गाळत नाही. २.० पासून सुरुवात करा, पण दोन स्पीकर चांगले घ्या. नंतर सेंटर घेताना त्याच कंपनीच्या त्याच मालिकेतला घ्या, म्हणजे पडद्यावरचं माणूस डावीकडून उजवीकडे गेलं तरी त्याचा आवाज बदलत नाही. मागचे स्पीकर स्टँडवर ठेवले की खिळ्याची गरज नाही. जागा सोफ्याच्या बाजूला आणि किंचित मागे, समोरच्या रेषेपासून ११० ते १२० अंशांवर. पाठीमागच्या भिंतीवर अगदी मागे लावतात ते ५.१ ला योग्य नाही.

सब सध्या नसलेलाच बरा. फ्लॅटमध्ये खालच्या लोकांना त्रास होतो तो त्याचाच. खर्जाचा आवाज स्लॅबमधून सरळ खाली उतरतो. रात्री दहा ते सकाळी सहा ही ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांतली रात्र आहे, आणि निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ तर रात्री ४५ डेसिबल. नियम बाजूला ठेवला तरी खाली म्हातारी माणसं झोपलेली असतात. पुढे सब घेतलात तर जाड फोमवर ठेवा आणि रात्री बंद ठेवायची सवय लावा. सब नसेल तेव्हा, आणि असूनही ज्या दिवशी तो बंद असेल त्या दिवशी, मेनूतही 'सब नाही' असं करा, नाहीतर ८० हर्ट्झच्या खालचं सगळं रिकाम्या तारेत जातं.

कोपऱ्यात सब ठेवला की आवाज दणदणीत होतो म्हणून सगळे कोपराच निवडतात. बारा फुटांच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर दोन भिंतींत अडकून फुगतो, आणि कोपऱ्यातून तो सगळ्यात जास्त फुगतो. मग प्रत्येक गाण्यात एकच 'बूम' ऐकू येत राहतो. सब सोफ्यावर, स्वतः बसायच्या जागी ठेवा, खर्जाचं काहीतरी लावा आणि भिंतीच्या कडेने खाली बसून कान लावत फिरा. जिथे खर्ज भरीव पण सुटसुटीत वाटेल तिथे सबचं घर.

परदेशातला_नागपूरकर

मी अमेरिकेत असतो, दिवाळीत धंतोलीला घरी येतोय. इथे सेलमध्ये रिसिव्हर बराच स्वस्त मिळतो. बाबांसाठी एक उचलून आणावा म्हणतो. अडचण नाही ना?

इतवारी४४४०

अडचण आहे. तिकडचा रिसिव्हर १२० व्होल्टचा असतो, आपल्याकडे २३०. मोबाइलच्या चार्जरसारखं याचं नसतं. बजेट रिसिव्हरमध्ये जड ट्रान्सफॉर्मर असतो, आणि तो एकाच व्होल्टेजला बांधलेला असतो. पाठीमागे १२० व्होल्ट ६० हर्ट्झ असं लिहिलेलं दिसेल. चुकून सॉकेटला लावला तर निदान फ्यूज जाईल, नशीब नसेल तर ट्रान्सफॉर्मर. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालवता येतो, पण तो रिसिव्हरच्या कमाल खपापेक्षा मोठा घ्यावा लागतो, तो स्वतः गुणगुणतो आणि तापतो. त्याची किंमत, सामानाचं वजन, आणि इथे वॉरंटी नाही. बाबांसाठी इथूनच बिलासकट घ्या. स्पीकर मात्र आणू शकता, पॅसिव्ह (ज्यांना स्वतःचा प्लग नसतो अशा) स्पीकरला विजेचं बंधन नाही. सब आणायचा नाही, त्यात पुन्हा तोच ट्रान्सफॉर्मर.

जुना, वापरलेला रिसिव्हर घेणाऱ्यांसाठीही सांगतो. एचडीसीपी २.२ (४के चित्राची चोरी रोखणारं कुलूप) आहे का ते आधी विचारा. नसेल तर ओटीटीची ४के स्टिक त्यात लावली की पडदा काळा किंवा चित्र खालच्या दर्जाचं. तसा रिसिव्हर फुकट टाकायचा नाही, स्टिक सरळ टीव्हीत लावा आणि आवाज एआरसीने किंवा ऑप्टिकल केबलने आणा. ऑप्टिकलमधून डॉल्बी डिजिटल जातो, डिजिटल प्लस जात नाही, एवढं लक्षात ठेवून टीव्हीत 'डॉल्बी डिजिटल' निवडायचं.

गोकुळपेठची

सांगितलं तसं केलं. सेंटर खरंच आत ढकललेला होता आणि मोड 'स्ट्रेट'वर होता, त्यामुळे मालिकांना तो वाजतच नव्हता. आता पुढे ओढला, खाली पुठ्ठा लावला, ३ डेसिबल वाढवला, डीआरसी चालू केलं. काल सासऱ्यांनी अख्खं नाटक बघितलं, कूलर चालू असताना. मध्ये एकदाही 'काय म्हणाला?' विचारलं नाही. मनापासून आभार दादा.

माइक लावून ऑटो सेटअप पुन्हा करावा का? घेतला तेव्हा दुकानातल्या मुलाने केला होता.

त्रिमूर्तीनगरकर

वाचून फार बरं वाटलं ताई.

ऑटो सेटअप जरूर पुन्हा करा, सेंटरची जागा बदलली आहे ना. बाबा जिथे बसतात तिथे, त्यांच्या कानाच्या उंचीवर, माइक कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर लावा. सोफ्याच्या पाठीवर ठेवू नका, पाठीवरून परतणारा आवाज मोजणीत शिरतो. पंखा, कूलर, मिक्सर सगळं बंद. कुकर चढवलेला नसावा. मोजणी चालू असताना शिट्टी झाली की ती मोजणी वाया जाते. घरातल्यांना दुसऱ्या खोलीत बसवा. प्रत्येक स्पीकरमधून फुर्र फुर्र असा चाचणीचा आवाज येईल, दोन-चार मिनिटांत संपतं.

झाल्यावर आकडे नजरेखालून घाला. पुढचे स्पीकर 'लार्ज' ठरवले असतील आणि तुमच्याकडे सब असेल तर ते 'स्मॉल' करा, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचं सबकडे जातं तो आकडा) ८० हर्ट्झ. सबचं अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवेल, ते बदलायचं नाही; सबच्या आतल्या सर्किटला लागणारा उशीर त्यात धरलेला असतो. बाकी स्पीकरचं अंतर टेपने मोजलेल्याच्या जवळपास असलं पाहिजे. आवाज एका मिलिसेकंदात फूटभर जातो, त्यामुळे दोन-तीन फुटांची चूक राहिली तर पुढच्या-मागच्या आवाजाचं जुळणं बिघडतं. आणि सेंटरचे ३ डेसिबल मोजणीनंतर पुन्हा वाढवायला विसरू नका, मोजणी ते पुसून टाकते.

तुमचा हॉल टाइल्सचा आहे का? असेल तर सोफा आणि टीव्हीच्या मधे एक जाड सतरंजी अंथरा. बोलणं आणखी मोकळं होईल.

वऱ्हाडीठेचा

काचेचं दार काढून टाकलं, मागची प्लाय सुताराकडून कापून घेतली. नवतपा, म्हंजे कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू हाये, काल रात्री पूर्ण पिक्चर झाला, एकदाही बंद नाही पडला. वरून हात लावून पाहिला, गरम लागते पण चटका नाही. इतवारीवाले काका, तो प्रोटेक्टर पण उद्या वायरमन लावून देऊन राहिला.

मिहानवाला

शेवटचा प्रश्न. रिसिव्हर आणि दोन स्पीकर ठरले. स्पीकरची वायर कोणती घेऊ? एकाने मीटरला चारशे रुपयांची सांगितली.

इतवारी४४४०

चारशेची नको. शुद्ध तांब्याची, मल्टिस्ट्रँड, १.५ चौरस मिलिमीटरची दोन पदरी वायर इलेक्ट्रिकच्या कुठल्याही चांगल्या दुकानात मिळते. १० मीटर अंतराला, जाऊन-येऊन, तिचा रोध पाव ओमच्या आत राहतो, ८ ओमच्या स्पीकरला तेवढा चालतो. घेताना टोक खरवडून बघा, आतून पांढरी निघाली तर तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे, ती परत करा. २.५ ची घेतली तरी हरकत नाही, फक्त बजेट रिसिव्हरच्या क्लिपच्या भोकात ती जात नाही, टोकाला पिन दाबून घ्यावी लागेल. एका पदरावर रेघ किंवा वेगळा रंग असतो, तो दोन्ही टोकांना लाल बाजूलाच लावा.